नाव, मायना आणि मजकूर

आमच्या लहानपणी, म्हणजे १९५५ ते १९६० च्या सुमारास, गिरगावातील आमच्या चाळीत टपालवाला पत्र टाकून गेला की ते वाचण्यापूर्वीच घरातील वडील माणसांस त्यातील अर्धा मजकूर कळलेला असे. कार्डाच्या कोपऱ्यांस कुंकू लागलेले असले तर कोठे तरी मंगलकार्य निघालेले आहे असे समजावे. कोपरा फाडलेला असला आणि माथ्यावर ‘श्री’ नसला, तर कोणी तरी गेले असे समजावे. असले पत्र वाचून होताच फाडून टाकीत आणि आंघोळीचे पाणी तापत ठेवीत. कोपरे धड असले आणि ‘श्री’ जागच्या जागी असला, म्हणजे नजर मायन्याकडे वळे. ‘तीर्थरूप’ असले तर पत्र वडिलांस, ‘तीर्थस्वरूप’ असले तर वडिलांच्या ठिकाणी असलेल्या कोणास, ‘चिरंजीव’ असले तर धाकट्यास, ‘सौभाग्यवती’ असले तर नवरा हयात असलेल्या स्त्रीस आणि ‘गंगाभागीरथी’ असले तर विधवेस लिहिलेले. लिहिणाराचे पहिले वाक्य अद्याप पुरे व्हावयाचे असे. तरी कोण कोणास, कोणत्या नात्याने आणि कसल्या प्रसंगी लिहीत आहे, हे पाचसात शब्दांतच उघड होई.

ह्या मायन्याची आम्हांस आज आठवण होण्यास एक संगणकाची फाइल कारण झाली. ती आमच्याजवळ अठरा वर्षे पडून होती, आणि तिच्यात काय आहे हे आम्ही ती न वाचताच ठरवून टाकले होते. तो वृत्तांत पुढे येईलच. तत्पूर्वी त्यातून निघणारा प्रश्न वाचकांपुढे ठेवतो. एखादी वस्तू काय आहे हे तिच्या नावावरून ठरवावे, तिच्या माथ्यावरील खुणेवरून ठरवावे, की ती अथपासून इतिपर्यंत वाचूनच ठरवावे? आणि सर्व काही इतिपर्यंत वाचावयास ज्या जगात कोणासही सवड नाही, त्या जगात न वाचता ठरविण्याचा अधिकार आपणांस कितपत पोचतो?

प्रथम फाइलीविषयी थोडे सांगणे अवश्य आहे. संगणकात जे जे साठविलेले असते, मग ते पत्र असो, छायाचित्र असो, गाणे असो वा जमाखर्चाचा तक्ता असो, ते सारे मुळात अंकांची एक लांबच लांब रांग असते. रांगेतील एकेका घरास बाइट म्हणतात, आणि त्या घरात शून्यापासून २५५ पर्यंतचा कोणता तरी अंक असतो. छायाचित्राचे अंक आणि गाण्याचे अंक ह्यांचा रंग वा आकार निराळा नसतो, सारे अंकच. तेव्हा ही रांग चित्र म्हणून दाखवावयाची, की गाणे म्हणून वाजवावयाची, हे यंत्रास कळावे कसे? लोकांच्या ओळखीचा उपाय म्हणजे नावाचे शेपूट. फाइलीच्या नावाच्या शेवटी टिंब देऊन तीनचार अक्षरे जोडतात. ‘जेपीजी’ जोडली तर छायाचित्र, ‘डॉक’ जोडली तर लेख, ‘एक्सएलएस’ जोडली तर हिशेबाचा तक्ता. परंतु हे शेपूट नावाचाच भाग होय, वस्तूचा नव्हे. ते कोणासही क्षणार्धात बदलता येते, आणि बदलले तरी आतील अंकांस त्याची गंधवार्ता नसते.

म्हणून जाणते लोक शेपटावर विसंबत नाहीत. ते फाइलीचा मायना वाचतात. बहुतेक जातींच्या फाइलींच्या आरंभी काही ठरीव बाइट असतात. जेपेग जातीचे छायाचित्र २५५, २१६, २५५ ह्या तीन अंकांनी सुरू होते. पीडीएफ फाइलीच्या माथ्यावर टक्क्याचे चिन्ह आणि त्यापुढे पीडीएफ हीच अक्षरे असतात. जीआयएफ चित्राच्या आरंभी सहा अक्षरे असून त्यांत त्या पद्धतीचे साल, म्हणजे ८७ किंवा ८९, लिहिलेले असते. झिप जातीच्या गाठोड्यावर ‘पी’ आणि ‘के’ ही अक्षरे असतात. ती त्या पद्धतीचा कर्ता फिल कॅट्झ ह्याच्या नावाची आद्याक्षरे होत. ह्या खुणा वाचून जात सांगणारी ‘फाइल’ नावाचीच एक आज्ञा युनिक्स ह्या प्रणालीत फार पूर्वीपासून आहे. तिच्या माहितीपत्रकाच्या एका जुन्या प्रतीवर नोव्हेंबर १९७३ अशी तारीख आहे. आज सर्वत्र चालणारी तिची खुली आवृत्ती इयन डार्विन ह्यांनी १९८६-८७ च्या सुमारास लिहावयास घेतली.

असला प्रोग्राम लिहिणे मोठे कठीण नाही. खुणांची एक यादी करावयाची. फाइल उघडून तिचे पहिले आठ-सोळा बाइट वाचावयाचे. आणि यादीतील एकेका खुणेशी ते ताडून पाहावयाचे. लांब खूण आधी आणि आखूड खूण नंतर ताडावी लागते, नाही तर दोन अक्षरांची खूण भलत्याच ठिकाणी योगायोगाने जुळते. काही खुणा अगदी माथ्यावर नसून चार बाइट सोडून असतात. त्यांची जागाही यादीत लिहून ठेवावी लागते. सर्व यादी संपली आणि काहीच जुळले नाही, तर ‘अज्ञात’ असे उत्तर द्यावयाचे. ह्या शेवटच्या पायरीकडे वाचकांनी लक्ष द्यावे अशी आमची विनंती आहे. ओळख पटली नाही तर तसे सांगावे, जवळचे एखादे नाव चिकटवून मोकळे होऊ नये, एवढा विवेक ह्या वीस-पंचवीस ओळींच्या आज्ञावलीत असतो.

ह्या आरंभीच्या खुणेस इंग्रजीत ‘मॅजिक नंबर’, म्हणजे जादूचा अंक, असे म्हणतात. तिचा एक जुना पूर्वज मोठा बोधप्रद आहे. पीडीपी-११ नावाच्या यंत्रावर युनिक्स चालत असता, चालविण्याजोग्या फाइलीच्या माथ्यावर अष्टमान पद्धतीने ०४०७ हा अंक असे. तो मुळात खूण म्हणून घातलेला नव्हता. ती यंत्राला दिलेली एक खरीखुरी आज्ञा होती. ‘आरंभीची सोळा बाइटांची माहिती ओलांडून पलीकडच्या कामास लाग’ असा तिचा अर्थ. पुढे यंत्रे बदलली, ती उडी मारण्याची गरज उरली नाही. परंतु तो अंक माथ्यावर तसाच राहिला आणि त्यावरून फाइलीची जात ओळखू लागले. जी प्रथम कृती होती ती पुढे नुसते नाव झाली.

हे वाचताना आम्हांस आमच्या आडनावांची आठवण झाल्यावाचून राहिली नाही. कुलकर्णी गावचे दप्तर लिही, देशपांडे परगण्याचा हिशेब राखी, पाटील गावचा कारभार पाही, जोशी पंचांग सांगे. ही त्या काळी कामे होती. आज गिरगावातील कुलकर्णी बँकेत जातो आणि दादरचा पाटील रुग्णांचे दात काढतो; दप्तर नाही आणि परगणाही नाही. काम गेले आणि खूण उरली. तरीही ती खूण वाचून माणसाची जात, चाल, घरचे जेवण आणि अक्कल ह्या सर्वांची यादी मनातल्या मनात ताडून पाहण्याची आमची सवय मात्र गेली नाही. आणि आमच्या मनातील ह्या यादीच्या शेवटी ‘अज्ञात’ ही ओळ नाही, हा मोठाच फरक होय.

खुणेची निंदाच करावयाची असा आमचा हेतू नाही. उत्तम खूण कशी असावी ह्याचा नमुना पाहावयाचा तर पीएनजी ह्या चित्रपद्धतीचा पाहावा. ही पद्धती १९९५ साली रचली गेली. तिच्या माथ्यावर आठ बाइट असतात: १३७, ८०, ७८, ७१, १३, १०, २६, १०. ह्यांतील दुसरा, तिसरा आणि चौथा ही पद्धतीच्या नावाचीच तीन अक्षरे. परंतु बाकीचे पाच शोभेचे नाहीत. पहिला अंक १२७ हून मोठा मुद्दाम घेतलेला आहे. कारण जुन्या काही दळणवळणाच्या वाटा मोठ्या अंकांचा वरचा भाग छाटून टाकीत, आणि तसे झाले असल्यास १३७ चा ९ होऊन लबाडी तत्काळ उघडकीस येते. १३ आणि १० ही जोडी ओळ संपल्याची खूण. काही यंत्रे फाइल इकडून तिकडे नेताना ह्या जोडीतील एक अंक गाळतात, तर काही एकट्या १० ची जोडी करतात. जोडी फुटली किंवा शेवटच्या १० ची जोडी झाली, तर वाटेत कोणी हात लावला हे कळते. २६ हा अंक जुन्या डॉस प्रणालीत मजकूर दाखविणे थांबवितो; चुकून कोणी चित्र मजकूर म्हणून उघडले तर पडद्यावर कचरा सांडत नाही. म्हणजे ही खूण ‘मी अमुक आहे’ एवढेच सांगत नाही. ‘वाटेत माझी मोडतोड झालेली नाही’ हेही ती स्वतःच्या अंगावर दाखविते. नाव सांगणारे पुष्कळ असतात. स्वतःस झालेली इजा न लपविणारे थोडे.

तथापि खूण कितीही विचाराने रचलेली असली तरी तिची सत्ता कोठवर चालते हे पाहणे जरूर आहे, आणि तेथेच खरी अडचण सुरू होते.

पहिली मर्यादा ही की एकच खूण अनेकांच्या माथ्यावर असते. १९९७ च्या सुमारास मायक्रोसॉफ्टच्या प्रोग्रामांनी लिहिलेला लेख, हिशेबाचा तक्ता आणि व्याख्यानाची चित्रे ह्या तिन्ही जातींच्या फाइली २०८, २०७, १७, २२४, १६१, १७७, २६, २२५ ह्याच आठ बाइटांनी सुरू होतात. षोडशमान पद्धतीने पहिले चार लिहिले तर त्यांत ‘डॉकफाइल’ असे काहीसे वाचता येते. कर्त्यांचा तो विनोद असावा. अलीकडचे लेख आणि तक्ते तर झिपच्या गाठोड्यातच बांधलेले असतात, म्हणून त्या सर्वांवर कॅट्झचीच आद्याक्षरे दिसतात. खूण घराणे सांगते. माणूस सांगत नाही.

दुसरी मर्यादा ही की खूण खोटी करता येते. जीआयएफची सहा अक्षरे कोणत्याही साध्या मजकुराच्या आरंभी कोणासही टंकता येतात. केवळ चित्रे स्वीकारणाऱ्या संकेतस्थळांवर ही सहा अक्षरे माथी लावून त्यांखाली घातक आज्ञावली दडवून पाठविण्याचे प्रकार पुष्कळ घडले आहेत. पहारेकऱ्याने पागोटे पाहिले आणि चेहरा पाहिला नाही. हा अनुभव इतिहासाच्या अभ्यासकांस नवा नाही. राजवाडे ह्यांनी १८९८ साली ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’ ह्या मालेचा पहिला खंड प्रसिद्ध केला, आणि अस्सल कागदावाचून इतिहास नाही हा आग्रह आमच्या लोकांत रुजविला. अस्सल कोणता हे ठरविताना केवळ मायना पाहून भागत नाही. शिक्का, तिथी, अक्षराचे वळण, कागद, शाई आणि शेवटचे मोर्तब हे सर्व एकमेकांशी जुळावे लागते; कारण बनावट सनद करणारा सर्वांत आधी मायनाच हुबेहूब उतरवितो. जी गोष्ट सर्वांस ठाऊक असते तिचीच नक्कल सोपी असते.

तिसरी मर्यादा सर्वांत मौजेची आहे. साध्या मजकुरास बहुधा काही खूणच नसते. चित्रास आहे, गाण्यास आहे, गाठोड्यास आहे. परंतु शुद्ध अक्षरांची रांग कोणतेही पागोटे न घालता सुरू होते. आजच्या युनिकोड पद्धतीने लिहिलेली मराठी फाइल घेतली तर तिच्या दारावर पाटी नाही, पण आत शिरताच प्रत्येक अक्षर तीन बाइटांचे दिसते, आणि त्यांतील पहिला २२४ व दुसरा १६४ किंवा १६५ असतो. एवढ्यावरून लिपी देवनागरी हे नक्की कळते. ती मराठी आहे हे मात्र कळत नाही; हिंदी, नेपाळी आणि संस्कृत ह्यांच्याही अंगावर तेच अंक. ‘ळ’ दिसला तर आशा वाढते, पण कोकणीतही ‘ळ’ आहे. ‘आहे’ आणि ‘नाही’ असे शब्द वाचले म्हणजे खात्री पटू लागते. पण तेव्हा आपण खूण शोधीत नसतो, वाचू लागलेलो असतो.

आता त्या फाइलीची हकीकत सांगतो.

आमच्या एक आत्या होत्या. त्यांचे यजमान १९५८ साली वारले, तेव्हा त्यांचे वय चोवीस वर्षांचे होते. पुढे त्यांनी शिक्षण पुरे केले आणि परळ भागातील एका मुलींच्या शाळेत बरीच वर्षे नोकरी केली. १९६४ साली मुंबईतील ट्राम बंद होईपर्यंत ट्रामने आणि मागाहून बसने जात. राहणे अखेरपर्यंत गिरगावातील एका खोलीत. निवृत्तीनंतर, १९९९ साली, पासष्टाव्या वर्षी त्या शेजारच्या एका संगणक-वर्गात जाऊ लागल्या. आम्ही रविवारी त्यांच्याकडे जात असू. त्या कोपऱ्यातील टेबलापाशी बसून काही तरी टंकीत असत आणि आम्ही आलो की यंत्र बंद करून चहा ठेवीत. घरखर्च मांडीत असतील, असे आम्ही समजत होतो.

२००५ साली त्या गेल्या. खोली रिकामी करताना एक फ्लॉपी सापडली. तिच्यावरील चिठ्ठीवर त्यांच्या वळणदार अक्षरांत एकच शब्द होता: ‘हिशेब’. फ्लॉपी बिघडली होती. यंत्रातील दुरुस्तीच्या आज्ञेने आतील एक फाइल वाचविली, पण तिचे मूळ नाव नाहीसे झाले. अशा वाचलेल्या तुकड्यांस यंत्र जे देते ते ‘फाइल’, चार शून्ये आणि ‘सीएचके’ हे शेपूट एवढेच नाव तिला मिळाले. चिठ्ठीवर ‘हिशेब’ असल्यामुळे आम्ही आमच्या हाताने ते शेपूट काढून हिशेबाच्या तक्त्याचे शेपूट लावले. तक्त्याच्या प्रोग्रामाने ती उघडली नाही. फाइल ओळखीची नाही असा शेरा दिला. आम्ही ती ‘खराब’ असे नाव दिलेल्या कप्प्यात टाकली आणि विसरलो. नाव आम्हीच दिले. आणि त्या नावाप्रमाणे ती वागली नाही म्हणून दोष तिला दिला.

२०२३ साली आमची नात, जी संगणकशास्त्र शिकत आहे, शिकता शिकता फाइलींच्या जाती ओळखणारा वर सांगितल्यासारखा एक छोटा प्रोग्राम लिहून आली, आणि तो चालवून पाहावयास जुन्या फाइली हव्यात म्हणून तिने आमचा तो कप्पा मागितला. थोड्या वेळाने ती म्हणाली, “आजोबा, ही खराब नाही. हिचे नाव तेवढे चुकलेले आहे.” माथ्यावर २०८, २०७, १७, २२४ हे अंक स्वच्छ होते. परंतु ह्या खुणेने लेख की तक्ता हे ठरत नाही, म्हणून तिने आत आणखी शोध घेतला. तक्ता असता तर ‘वर्कबुक’ असा शब्द मिळावयाचा. तिला ‘वर्डडॉक्युमेंट’ हा मिळाला. तो लेख होता.

योग्य शेपूट लावून उघडल्यावर पडद्यावर आली ती रोमन अक्षरे, टिंबे आणि परक्या भाषांतील स्वरचिन्हे ह्यांची निरर्थक खिचडी. त्या काळी मराठी टंक बहुधा रोमन अक्षरांच्या जागी देवनागरीचे तुकडे बसवून केलेले असत, आणि प्रत्येक कंपनीची बसवणूक निराळी. टंक नसला तर मजकूर गेला. फाइलीत वापरलेल्या टंकाचे नाव शेवटी कोठे तरी नोंदलेले असते; ते सापडले, आणि त्यावरून कोणता अंक म्हणजे कोणते अक्षर ह्याचा तक्ता नातीने मांडला. पहिली वेलांटी ह्या टंकांत अक्षराच्या आधी लिहिलेली असते, युनिकोडमध्ये ती मागाहून येते; तेवढ्यासाठी तिला आणखी एक संध्याकाळ घालवावी लागली. मग आत्यांची अक्षरे दिसू लागली.

तो हिशेबच होता. चिठ्ठी खोटी नव्हती. आमची समजूत खोटी होती. आत्यांनी आपल्या आयुष्याचे ‘येणे’ आणि ‘देणे’ मांडले होते.

‘येणे’ ह्या सदरात पहिली नोंद अशी: “१९५८ पासून ज्यांनी ज्यांनी मला पत्र लिहिले, त्यांनी त्यांनी माझ्या नावाच्या आधी माझा नवरा गेल्याचे मला कळविले. ही बातमी मला एकदाच पुरेशी होती.” चाळीस वर्षे लोक त्यांना ‘गं. भा.’ लिहीत होते. मायना चुकीचा नव्हता. शिष्टाचारास धरून होता. आम्हीही तोच लिहीत होतो. त्या दोन अक्षरांनी पत्र कोणास आहे हे टपाल घेणाऱ्यास कळे. परंतु ज्यांच्या नावाचे पत्र होते त्यांस काय कळे, ह्याचा विचार आमच्या मनास शिवला नाही.

‘देणे’ ह्या सदरातील एक नोंद वाचून मात्र आम्ही बराच वेळ गप्प बसून होतो. १९६७ साली जूनमध्ये सातवीचा नवा वर्ग आला. हजेरीपटावरील आडनावे वाचूनच आत्यांनी मुली पुढच्या आणि मागच्या बाकांवर बसविल्या. मागच्या बाकावर लालबागच्या चाळीतील एका गिरणीकामगाराची मुलगी होती. पावसाळ्यातील एका दिवसावर तिने निबंध लिहिला. तो इतका चांगला होता की आत्यांस तो तिचा वाटेना. सर्व वर्गासमोर त्यांनी तिला टेबलापाशी बसविले आणि कोरा कागद देऊन पुन्हा लिहावयास लावले. “तिने पुन्हा लिहिला,” असे आत्या लिहितात, “आणि पहिल्याहून चांगला लिहिला. मी वही परत दिली आणि काही बोलले नाही. पुढच्या जूनमध्ये ती शाळेत आली नाही. एक शब्द देणे. बाकी.”

स्वतःच्या नावामागील दोन अक्षरांनी ज्या आयुष्यभर पोळल्या, त्यांनीच नावापुढील आडनाव वाचून एका मुलीचा निवाडा केला. त्यांस हे कळले होते, आणि कळले म्हणून तर त्यांनी ते लिहिले. आम्हांस वाटते, ह्या प्रश्नातील खरी गोम हीच आहे. जे खुणेखाली भरडले जातात ते पुढे खुणा वाचण्याचे सोडतात असे नाही. ती सवय पीडितालाही सुटत नाही. आणि असे म्हणताना आम्हांस दूर उभे राहता येत नाही, कारण त्याच फाइलीत ‘येणे’ बाजूस आमच्या नावापुढे एक ओळ आहे: “संगणकावर मी काय लिहिते, हे ह्याने कधी विचारले नाही.”

आता मूळ प्रश्नाकडे येतो. कोणी म्हणेल, खुणांवाचून जग चालावयाचे कसे? परळच्या केईएम रुग्णालयात, जे १९२६ पासून गोरगरिबांची सेवा करीत आहे, रोज येणाऱ्या गर्दीतील प्रत्येकाचे सारे आयुष्य ऐकून घ्यावयास कोणत्या डॉक्टरला वेळ आहे? तो जीभ पाहील, नाडी पाहील, डोळ्यांचा रंग पाहील आणि कोणत्या विभागात पाठवावयाचे हे ठरवील. हे आम्हांस सर्वथा मान्य आहे. परंतु त्याने खूण कशासाठी वाचली ते पाहावे. योग्य तपासणी कोणती हे ठरविण्यासाठी त्याने ती वाचली. तपासणी टाळण्यासाठी नव्हे. फाइलीची जात ओळखणारा प्रोग्रामही हेच करतो. जात सांगून तो निकाल देत नाही. ‘हिला चित्र दाखविणाराकडे न्या, हिला गाणे वाजविणाराकडे न्या’ असे सांगून तो बाजूस होतो, आणि खरे वाचन तेथून सुरू होते. चित्र चांगले की वाईट, गाणे सुरात की बेसूर, हे त्याच्या आठ बाइटांत नसते आणि असल्याचा दावाही तो करीत नाही.

आम्ही मात्र खुणेचा उपयोग ह्याच्या नेमका उलट करतो. दादरला एखादी जागा भाड्याने द्यावयाची असते. माणूस दारात उभा असतो. आणि त्याचे आडनाव विचारले जाते. ते कशासाठी? त्याच्याशी कसे बोलावे हे कळावे म्हणून खचित नव्हे. बोलण्याचे कारणच उरू नये म्हणून. यादीत आडनाव जुळले की ‘हो’, न जुळले की ‘जागा कालच गेली’. हे वाचनाचे साधन वाचन चुकविण्यासाठी वापरणे झाले. आणि आमच्या मते ह्या बाबतीतील नीती आणि अनीती ह्यांची सीमारेषा येथेच आहे. खूण पाहणे हे पाप नव्हे. खुणेवर थांबणे हे पाप. पत्राचा मायना वाचून पत्र बाजूस ठेवणाराने पत्र वाचले असे कोणी म्हणत नाही. माणसाच्या बाबतीत तसे खुशाल म्हणतात.

सारेच वाचावयास आयुष्य पुरत नाही हे खरे. पुष्कळ माणसे, पुष्कळ पुस्तके आणि पुष्कळ दुःखे न वाचताच राहावयाची. परंतु जे वाचले नाही त्यावर ‘खराब’ असा शेरा मारण्याचे बंधन तर कोणावर नाही. तेथे त्या लहानशा आज्ञावलीचे शेवटचे उत्तर द्यावे: ‘अज्ञात’. आम्हांस वाटते की मनुष्यमात्राविषयी मनात ठेवण्यास ह्याहून अधिक सभ्य शब्द नाही. कारण त्यात अपमान नाही, खोटी ओळख नाही, आणि पुढे केव्हा तरी वाचण्याची वाट त्याने बंद होत नाही. मागच्या बाकावरील त्या मुलीविषयी आत्यांनी जून महिन्यात एवढाच शब्द मनात धरला असता, तर ‘देणे’ बाजूस एक नोंद कमी झाली असती.

सर्व अक्षरे नीट लागल्यावर नातीने विचारले, “आजोबा, आता हिला नाव काय द्यायचे?” आम्ही म्हटले, आत्यांनी दिलेले आहे तेच राहू दे. चिठ्ठीवर त्यांनी ‘हिशेब’ लिहिले होते, आणि ते शब्दशः खरे होते. नातीने ते नाव तसेच ठेवले आणि तक्त्याचे शेपूट काढून लेखाचे लावले. आत्यांच्या देण्यातील तो एक शब्द फेडावयास आता ती मुलगी कोठे शोधावी हे आम्हांस माहीत नाही. आमच्या नावावरील येणे मात्र ती फाइल रोज थोडी थोडी वाचून आम्ही फेडीत आहो.